मोताळ्याहून आलेली मेथी

विमलबाईंनी मेथीची जुडी सोडली, चार काड्या खुडल्या आणि कपाळावर आलेले केस मागे सारायला हात वर नेला, तेव्हा बोटांना वास आला. मेथीचा नव्हे. मेथीच्या कडवट वासाखाली दबून राहिलेला दुसराच, गोडसर, रॉकेलची आठवण देणारा पण रॉकेल नव्हे असा. हात कपाळाशीच थांबला. त्यांनी बोटं पुन्हा नाकाशी नेली तर काहीच नव्हतं, नुसती ओली माती. त्या टोपलीवर वाकल्या. काही नाही. मग सरळ होता होता सहज एक श्वास घेतला आणि तो पुन्हा आला. कुणीतरी दारात डोकावून लगेच निघून जावं तसा.

"रुख्मिणी, इकडे ये जरा. याचा वास घे बरं."

वसतिगृहाची स्वयंपाकीण रुख्मिणी हंडा घासत होती. तिनं पदराला हात पुसले, कमरेत वाकून टोपलीवर नाक नेलं. "मेथीचा येते."

"आणखी?"

"मातीचा येते. काऊन बाई?"

"काही नाही."

रुख्मिणीनं जुडी हातात घेतली नव्हती. विमलबाईंनी ते पाहिलं होतं, आणि त्यांनी पाहिलं हे रुख्मिणीलाही ठाऊक होतं. मोताळ्याची टोपली एस.टी.वरून उतरून आली की रुख्मिणी ती आधी बाहेर नळाखाली ठेवायची, तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतायची आणि मगच आत घ्यायची. जानेफळहून येणारी तूरडाळ, वरवट बकालची ज्वारी, यांची पोती मात्र सरळ कोठीत जात. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, भाजीले माती राह्यते बाई. ते खोटंही नव्हतं. मोताळ्याची भाजी बौद्ध वस्तीतल्या अन्नपूर्णाच्या वाडीतून येते, एवढं एकच वाक्य त्या दोघींमध्ये इतक्या दिवसांत कधी बोललं गेलं नव्हतं. बोललं गेलं असतं तर विमलबाईंकडे उत्तर तयार होतं. न बोललेल्याला काय उत्तर द्यायचं, ते त्यांना कधी सुचलं नव्हतं.

तो वास मात्र ओळखीचा होता. आदल्या दिवाळीला त्या माहेरी जानेफळला गेल्या होत्या. भाऊ इंद्रभान अंगणात बसून बादलीत काडी फिरवत होता, आणि टिनाच्या डब्यातलं ते पिवळट तेल पाण्यात पडताच दुधासारखं पांढरं होत होतं. एन्ड्रीन. लहानपणी नवा भोवरा दाखवायचा त्याच कौतुकानं त्यानं तो डबा दाखवला होता. "पाह्य अक्का, हे मारलं का बोंडअळी साफ." संध्याकाळी म्हशीची वगार वावराच्या बांधावर चरून आली आणि गोठ्यापर्यंत पोचलीच नाही. दारातच तिचे पाय ताणले गेले. मान मागे वळली, तोंडाला फेस आला, आणि तिचं सगळं अंग थरथरायला लागलं. इंद्रभान तिच्या मानेवर हात फिरवत नुसता ओरडत होता, "अवं उठ ना, उठ ना." रात्री जेवताना त्यानं पोळी मोडून विमलबाईंच्या ताटात टाकली तेव्हा त्याच्या बोटांना हाच वास होता. साबणानं धुतलेल्या बोटांना. त्यांनी ती पोळी खाल्ली होती. भावानं दिलेली पोळी बाजूला कशी सारायची?

त्यांनी जुडी पुन्हा उचलली. पानं कोवळी, हिरवीगार. एकाही पानाला भोक नव्हतं, आणि नेमकं तेच आता डोळ्यांत खुपायला लागलं. अन्नपूर्णाच्या मेथीला नेहमी भोकं असायची. मुली चेष्टा करायच्या, बाई, आपल्याआधी अळ्या जेवल्या. आज अळ्या जेवल्या नव्हत्या.

की हेही आपणच शोधून काढतोय? विमलबाई कोठीच्या पायरीवर बसल्या. वास भाजीला येतोय की आपल्याला? रुख्मिणीचे हात जे करतात तेच आपलं नाक करत नाही कशावरून? शिक्षकाची बायको, शिकलेली, सभेत समतेवर बोलणारी, पण लहानपणी आजीनं गावकुसाबाहेरच्या विहिरीवरून हात धरून मागे ओढलं होतं ते मनगट तर हेच. ते ओढणं मनगटातून कुठे गेलं असेल? ते नाकात जाऊन बसलं असेल तर? जानेफळच्या डाळीला आपण कधी असं वाकवाकून हुंगलं होतं का? नव्हतं. सख्खा भाऊ अंगणात विष कालवतो हे डोळ्यांनी पाहून आल्यावरही नव्हतं.

बाहेर मुली सकाळच्या शाळेतून यायला लागल्या होत्या. चपलांचे आवाज, बादल्यांचे आवाज. या मुलींसाठीच तर सगळा खटाटोप सुरू झाला होता. विमलबाई इथं अधीक्षिका म्हणून आल्या तेव्हा मुली रेशनचा लाल मिलो खात होत्या आणि वर बटाट्याचा पाणीदार रस्सा. ते बटाटे कुठून यायचे देव जाणे, पण पोत्याच्या तळाशी नेहमी काळं पाणी असायचं. मिलोची भाकरी थापली की फाटायची, खाल्ली की पोटात दगड. निम्म्या मुली कास्तकारांच्या, ज्यांच्या घरी ज्वारीच्या कणग्या भरलेल्या, आणि लेकी इथं परदेशातून आलेलं जनावरांचं धान्य चावत होत्या. एकदा मलकापूरहून येताना एस.टी. मोताळ्याला बराच वेळ थांबली, बाजाराचा दिवस होता, सांज होत आली होती, आणि खिडकीतून विमलबाईंना दिसलं की एक बाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि अंबाडीच्या न खपलेल्या जुड्या गाईपुढे टाकते आहे. टाकताना ती गाईशी बोलत होती. "खाय माय, तू तरी खाय." ती अन्नपूर्णा. विमलबाई पिशवी घेऊन तशाच खाली उतरल्या आणि गाडी सोडून दिली.

मग एकेक जोडत गेलं. अन्नपूर्णानं वस्तीतल्या बायकांना तयार केलं. इंद्रभाननं डाळ द्यायचं कबूल केलं, वरवट बकालच्या एका मुलीच्या वडिलांनी गावरान ज्वारी. ज्यांनी हायब्रीडसाठी गावरान पेरणं सोडलं होतं त्यांनी चार तासं, चार ओळी, पुन्हा गावरानची टाकली. कंडक्टर मंडळी टपावर टोपल्या घ्यायला लागली. पुढे मुलांच्या वसतिगृहाचे अधीक्षक वामनराव, जे पहिल्या सभेत हसून म्हणाले होते की बाई आता एस.टी.तून शेती करणार, त्यांनीही आपल्या पोरांसाठी टोपल्या मागवल्या. संस्थेच्या अध्यक्षांना हे कधी रुचलं नव्हतं. त्यांच्या मेव्हण्याची गावात भाजीची अडत होती. ते गोड बोलून वाट पाहत होते. एखादी मुलगी आजारी पडावी, एखाद्या पोत्यात किडे निघावेत, की मागचं सगळं पुन्हा सुरू. म्हणून विमलबाई प्रत्येक गावाला बजावून आल्या होत्या, काहीही होवो, टोपली चुकता कामा नये.

वामनराव! त्या ताडकन उठल्या. आजच्या गाडीनं त्यांच्याही टोपल्या आल्या होत्या.

"रुख्मिणी, मेथीला हात लावू नको. आज बेसन-भाकर कर."

"काऊन? काय झालं मेथीले?"

"उद्या करू." त्यांनी टोपल्या कोठीत सारल्या, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. एक जुडी तेवढी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली. रुख्मिणी बघत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं की नुसतं कुतूहल, हे विमलबाईंना कळेना, आणि न कळल्याचा राग आला.

मुलांचं वसतिगृह दोन गल्ल्या सोडून होतं. वामनराव फाटकातच खुर्ची टाकून बसले होते, सुपारी कातरत. "या या विमलबाई. भाजी झकास आली हो आज! मेथी म्हणजे अशी की कच्चीच खावी." विमलबाईंच्या तोंडात वाक्य तयार होतं. ती रांधू नका. तीन शब्द. पण त्यांच्या मागोमाग येणारे प्रश्नही त्यांना आधीच ऐकू येत होते. का? वास येतो. कसला? औषधाचा. मला तर येत नाही. तुमच्या स्वयंपाकिणीला येतो का? नाही? मग संध्याकाळच्या फेरफटक्यात वामनराव अध्यक्षांना सांगणार, हसतहसत, की बाईंनाच आता त्या वस्तीची भाजी चालत नाही म्हणे. आणि मोताळ्याला ते कुणीतरी अन्नपूर्णाला सांगणार. एवढी तोलून उभी केलेली उतरंड एका वासावर पाडायची, जो कुणाला येत नाही.

"रात्रीची पंगत कधी बसते हो तुमच्याकडे?"

"दिवेलागण झाल्यावर. का?"

"नाही, सहजच." आणि त्या स्टँडकडे वळल्या. जायचं, बघायचं, खात्री करायची, दिवे लागायच्या आत परत यायचं. मनात त्यांनी हे इतक्या वेळा म्हटलं की ते एखादं ठरलेलं वेळापत्रक असावं असं वाटायला लागलं.

एस.टी. राजूरचा घाट उतरत होती. शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतराला, खिडकीच्या गजाला, स्वतःच्या पदराला, सगळ्यांना त्यांना तोच वास यायला लागला होता. म्हणजे तो कशालाच नसेल. त्यांनी डोळे मिटले तर वगारीची मान दिसली, उघडले तर दोन्ही अंगांना कपाशी. बोंडं फुटायला आलेली, हिरवी, भरघोस, मैलोगणती कपाशी. या सगळ्या कपाशीवर काहीतरी मारलेलं होतं. त्यातून बोटभर रुंदीच्या भाजीच्या वाड्या आपण जोडत निघालो होतो, आणि वारा कुठून वाहतो हे एकदाही कुणाला विचारलं नव्हतं.

अन्नपूर्णा वाडीतच होती, वांग्यांना पाणी देत. विमलबाईंना बांधावर पाहून ती फावडं टाकून धावत आली. पस्तिशीची, अंगानं काटक, नवरा मुंबईला गिरणीत. "बाई! तुमी? अशा अवचित? बसा ना, च्या करून आणते."

"चहा नको. अन्नपूर्णा, ही जुडी बघ."

तिनं वर्तमानपत्र उलगडलं. "माहीच हाय. सुकली जरा. काय झालं हिले?"

"वास येतो तिला."

अन्नपूर्णाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण ते तिथंच गोठल्यासारखं झालं. तिनं वर्तमानपत्राची घडी घातली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमालेबी?"

एवढा एकच शब्द. विमलबाईंना वाटलं, नळाखाली ओतलेल्या सगळ्या बादल्या हिला ठाऊक आहेत. कुणी सांगायची गरजच नव्हती. "तसं नाही गं. औषधाचा वास. कपाशीच्या."

"मी कायले औषध मारू मेथीले? माह्याजवळ तेवढे पैसे असते तं!" तिचा आवाज चढला. "पाटलीणबाई नाक मुरडते, बाजारात बाया टोपल्याले पाय लागू देत नाई, ते समजते मले. तुमी एस.टी.त बसून वास घ्याले आल्या?" आणि विमलबाईंना काही कळायच्या आत तिनं जुडीतली मूठभर पानं ओरबाडली आणि तोंडाशी नेली. "हे पाहा. माही भाजी मी खाऊन राह्यली."

विमलबाईंचा हात आपोआप उठला. फाडकन तिच्या हातावर बसला. पानं उडाली, नख तिच्या ओठाला लागलं, ओठावर रक्ताचा बारीक थेंब आला. "मरशीन ना वं तू!" त्या ओरडल्या, ज्या बोलीत त्या वर्षानुवर्षं बोलल्या नव्हत्या तिच्यात. "वगार मेली माह्या भावाची डोळ्यांदेखत! मरशीन!"

दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. विमलबाईंचे हात लटपटत होते. अन्नपूर्णानं ओठ पदरानं टिपला, बोटावरचं रक्त पाहिलं, मग बाईंचे ते हात पाहिले. तिच्या डोळ्यांतला राग हळूहळू ओसरला आणि त्याच्या जागी काहीतरी वाईट आलं. भीती. कुणी नाटक करून असं थरथरत नाही.

"परवा," ती म्हणाली, "परवा अर्जुनरावच्या कपाशीवर फवारा चालू होता." तिनं मान वळवली. वाडीच्या पश्चिमेला, अगदी बांधाला लागून, कपाशी उभी होती. "वारं इकडचंच होतं. मी म्हणलं त्या गड्याले, बापा, कडचे तासं सोड. तो हासला. मंग मी जुड्या धुतल्या बाई, दांडातल्या पाण्यानं धुतल्या चांगल्या." ती दांडाकडे, पाण्याच्या पाटाकडे, चालायला लागली आणि मध्येच थांबली. विमलबाई मागून आल्या. दांडाच्या कडेला बेडूक पडले होते. पांढरी पोटं वर, पाय ताणलेले. कुठे एक, कुठे तीन. पाणी त्यांच्या अंगावरून झुळूझुळू वाहत होतं.

अन्नपूर्णा मटकन खाली बसली. "सकाळी पाह्यले मी हे. म्हणलं उन्हानं मेले असतीन." मग डोकं वर करून, "पण तुमीच म्हणलं होतं ना बाई, काही झालं तं टोपलं चुकू नये? एक तारीखबी मी चुकवली नाई. ताप होता तवाबी नाई."

विमलबाईंना वाटलं होतं की वास खरा निघाला तर सुटल्यासारखं वाटेल. खरा निघाला होता. मनगट, आजी, विहीर, त्यातलं काही नव्हतं, निदान यावेळी नव्हतं. आणि सुटका मात्र कुठेच नव्हती.

बांधापलीकडून अर्जुनराव आले, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, बाईंना पाहून हात जोडत. त्यांना सांगितलं तेव्हा ते बेडकांकडे बराच वेळ पाहत राहिले. वाईट माणूस नव्हता. वाडीला पाणी त्यांच्याच विहिरीचं होतं, आणि त्याचा मोबदला ते फक्त वांग्यांत घ्यायचे. "आता मी काय करू बाई? कपाशीले नाई मारलं तं अळी ठेवत नाई. पंचायत समितीचा माणूस सांगून गेला, मारा म्हणून. वाऱ्यावर माहा हुकूम चालते का?"

"वाऱ्यावर नाही, तुमच्या गड्यावर तर चालतो?"

अर्जुनराव उपरणं सोडून पुन्हा बांधायला लागले.

अन्नपूर्णा एकदम उभी राहिली. "बाई, पोराइच्या होस्टेलातबी गेली ना भाजी?"

"हो."

"त्याइले सांगतलं तुमी?"

विमलबाई वांग्यांच्या ओळीकडे पाहत राहिल्या. "नाही."

"काऊन?"

"खात्री नव्हती म्हणून."

अन्नपूर्णानं त्यांच्याकडे जे पाहिलं ते त्यांना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. त्या नजरेत दोष नव्हता. मोठ्या माणसाला चालताना ठेच लागलेली पाहून मूल बघतं तसं ते पाहणं होतं. "मंग चाला," ती म्हणाली, आणि चिखलाचे पाय धुवायलाही थांबली नाही.

पोस्टातून फोन लागला नाही. पोस्टमास्तर हँडल फिरवत राहिले, पलीकडून कुणी उचलेना. गाडी आली ती भरलेली, दोघी दांडा धरून उभ्या राहिल्या. खिडकीबाहेर ऊन पिवळं होत चाललं होतं आणि विमलबाई सावल्यांची लांबी बघत होत्या. आता आचारी मेथी निवडत असेल. आता फोडणी. वामनराव चाखून बघतील का? चाखून बघणाऱ्यांतले ते आहेत. अन्नपूर्णा मध्येच म्हणाली, "धुतली असन त्यायनं. धुऊन जाते ना?" इंद्रभानचे साबणानं धुतलेले हात विमलबाईंच्या नाकाशी होते.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी थांबली. पुढे कापसाचा ट्रक आडवा झाला होता, त्याच्यापुढे बैलगाड्या. कंडक्टर उतरून बघून आला आणि म्हणाला, वेळ लागते. लोक बिड्या पेटवून कठड्यावर बसले. विमलबाई दारात उभ्या राहिल्या. मनात एक आवाज आला, शांत, समंजस: आता आपल्या हातात काही नाही. जे होईल ते होईल. तो आवाज इतका मऊ होता की त्यांना त्याचीच धास्ती वाटली.

"पायवाट हाय," अन्नपूर्णा म्हणाली. "मोळ्या घेऊन येतो ना आमी. या."

ती वाट म्हणजे घसरणारी मुरमाड चढण होती. झुडपं, सागाची वाळकी पानं, मधूनच उघडा दगड. विमलबाई सुरुवातीला पदर सावरत होत्या, मग सोडून दिला. छातीत भाता चालला होता, कानात स्वतःचंच रक्त ऐकू येत होतं. अन्नपूर्णा पुढे होती, अवघड जागी मागे वळून हात द्यायची. एका दगडावर विमलबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि वर आल्यावरही सोडायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. सूर्य मागे मोताळ्याकडच्या सपाटीवर टेकला होता. त्या वळून बघायच्या नाहीत. वर गावाचे पहिले दिवे दिसले तेव्हा त्यांच्या तोंडून नुसताच एक आवाज निघाला, शब्द नव्हे.

मुलांच्या वसतिगृहाचं फाटक उघडं होतं. आतून श्लोक ऐकू येत होता, सगळ्या पोरांचा एकत्र, भुकेच्या घाईनं म्हटलेला. त्या पडवीत चढल्या तेव्हा तो संपला. दोन रांगा, पितळी ताटल्या, प्रत्येक ताटलीत भाकरी आणि हिरवीगार मेथी. वामनराव टोकाला उभे. विमलबाईंनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. डोळ्यांपुढे चाळीसेक हात भाकरी मोडायला खाली गेलेले.

"हात थांबवा रे!"

अन्नपूर्णाचा आवाज भिंतींना लागून परत आला. "पोराहो, हात थांबवा. भाजी माही हाय. मोताळ्याची. औषध लागलं हाय तिले. कोणी खाऊ नोका!"

हात थांबले. वरच्या दिव्यावर आपटणारे किडे ऐकू येत होते. सगळे तिच्याकडे पाहत होते. फाटलेलं लुगडं, चिखलाचे पाय, ओठावर वाळलेलं रक्त. वामनराव पुढे आले. "ह्या कोण? विमलबाई, हा काय प्रकार आहे?" पण अन्नपूर्णा त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर दुसऱ्या रांगेतल्या एका मुलावर होती, ज्याचे गाल फुगलेले होते आणि डोळे विस्फारलेले. ती ताटल्या ओलांडत गेली, त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली आणि त्याच्या हनुवटीखाली तळहात धरला.

"थुक. गिळू नोको बापा. माह्या हातावर थुक."

मुलानं वामनरावांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि थुंकला. तिनं मूठ मिटली. "गिळलं का काही? सांग. कोणी रागावत नाई."

"नाही."

नंतर त्या मुलाला दवाखान्यात नेलं आणि तो सकाळी हसत परत आला, त्याला काही झालं नव्हतं. नंतर अध्यक्षांनी बैठक बोलावली आणि विमलबाईंनी तिथं पहिलं वाक्य म्हटलं ते असं, की मला दुपारीच कळलं होतं आणि मी वामनरावांना सांगितलं नाही, तेव्हा जे काही ठरवायचं ते माझ्याबद्दल ठरवा, गावांबद्दल नको. त्यांची अधीक्षिकेची जागा राहिली, पण भाजी पुढचे दोन महिने अडतीवरून आली. अन्नपूर्णाच्या वाडीतलं सगळं उपटून जाळावं लागलं. तिनं नळगंगा नदीच्या पलीकडे, कपाशीपासून दूर, खडकाळ तुकडा बटाईनं घेतला आणि थंडीत पालक टाकला. अर्जुनराव फवाऱ्याआधी निरोप पाठवायला लागले. मग एकदा विसरले. मग अन्नपूर्णा स्वतःच जाऊन विचारायला लागली, आणि तिचं पाहून वस्तीतल्या दुसऱ्या बायका, आणि पुढे जानेफळलाही इंद्रभानला लोक विचारायला लागले, आज कायले मारून राह्यला, वारं कुठलं हाय. हे सगळं विमलबाईंना त्या संध्याकाळी ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्या पडवीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांना वाटत होतं की आता सगळं संपलं.

आचारी ताटल्या उचलायला लागला. पोरं बसूनच होती. मग मागून एक बारीक आवाज आला, "सर, मग खायचं काय?" कुणीतरी हसलं. एकदम सगळे हसले.

अन्नपूर्णा अंगणातल्या नळावर हात धूत होती. राखेनं, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा. मग ती पदराला हात पुसत आत आली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. दारात वामनराव उभे होते. तिथं आजवर आचारी आणि त्यांच्याशिवाय कुणी पाय ठेवला नव्हता. ती थांबली, पण मागे सरली नाही.

"सर," ती म्हणाली, "बेसन कुठी ठेवता?"

वामनरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग विमलबाईंकडे पाहिलं. विमलबाईंनी खांबाचा आधार सोडला आणि येऊन अन्नपूर्णाच्या शेजारी उभ्या राहिल्या. पोरांचा हसण्याचा आवाज विरत गेला. चुलीवरचं पाणी उकळत होतं, झाकण थडथड वाजत होतं.

"वरच्या फळीवर," वामनराव म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले.